सुरकुतलेला दाणा

वाटाण्याच्या चार दाण्यांवर मी एकदा एका घरातलं लग्न पक्कं करून दिलं होतं. दाणेही खरे नव्हते, फळ्यावर खडूनं काढलेले होते. तीन गुळगुळीत, एक सुरकुतलेला. त्यांच्याकडे बोट दाखवून मी म्हणाले होते, "चारांत एक. तो तुमच्या घरात निघून गेला. आता बाकीच्यांना भीती नाही." हे साफ चूक होतं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. बी.एस्सी.ला पहिला वर्ग मिळाला होता आणि तो पहिला वर्ग मी इरकलीच्या पदरासारखा पुढे काढून सोलापूरभर मिरवत होते. अशा बाईनं चूक केली तर ती थाटातच करणार.

ज्यांना मी हे सांगितलं त्या निलव्वाबाई. आमच्या मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवायच्या.

एकाहत्तर सालच्या जूनमधली गोष्ट. शाळेतला माझा पहिला दिवस. शिक्षकांच्या खोलीत खिडकीशी एक म्हातारी बसलेली. केस पांढरे, इतके विरळ की मधून टाळू दिसावी. नाक चोचीसारखं. चेहऱ्याची कातडी अशी ताणलेली, जणू कुणी मागून गाठ मारली आहे. जाड भिंगांचा चष्मा, आणि उभी राहिली तर माझ्या खांद्यापर्यंत येईल एवढीच उंची. मला वाटलं, शाळेच्या अध्यक्षांच्या मातोश्री असतील. मी पडले संस्कारी. वाकून नमस्कार केला. म्हातारीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लहान मुलीसारख्या बारीक आवाजात म्हणाली, "अष्टपुत्रा व्हा. आठ झाले की कळवा मला, कुंच्या शिवून देते."

तेवढ्यात आमच्या हेडबाई आत आल्या. "ओळख झाली वाटतं. या निलव्वाबाई. तुमच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठ्या."

मी हसले. हेडबाई विनोदी आहेत, बरं झालं, असं मनात आलं. खोलीत दुसरं कुणीच हसलं नाही हे जरा वेळानं लक्षात आलं.

निलव्वाबाई बारा-तेरा वर्षांपर्यंत चारचौघींसारख्या होत्या म्हणे. शेंगा फोडत गच्चीवर पळणाऱ्या, लंगडीत पहिल्या येणाऱ्या. मग उंची थांबली. विसाव्या वर्षी केस पिकले, आवाज बारीक झाला, आणि पंचविशी ओलांडल्यावर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सिव्हिलच्या डॉक्टरांनी कुणा परदेशी डॉक्टरच्या नावाचा आजार असल्याचं सांगितलं. फार क्वचित होतो, औषध नाही. म्हातारपण सगळ्यांच्याच बीजात असतं, हिच्या बीजात त्याला धरून ठेवणारं काहीतरी कमी आहे, असं काहीसं. डॉक्टरांनी त्यांना शिकाऊ पोरांसमोर उभं केलं. पोरं वहीत लिहून घेत होती आणि आपसात कुजबुजत होती. निलव्वाबाई त्यांना म्हणाल्या, "लिवा, लिवा. मी मेलनं आले, तुमी पॅसेंजरनं यायलाय. ठेसन एकच हाय."

हे त्या स्वतःच मला सांगायच्या आणि त्या बारीक आवाजात खुदखुदायच्या.

वर्गात त्यांची एक पद्धत होती. डोळ्यांनी दोरा ओवता येत नसे. म्हणून सकाळच्या प्रार्थनेनंतर दोन मुली येऊन दिवसभराच्या सुया ओवून ठेवायच्या आणि एका लाल गादीवर ओळीनं टोचायच्या. त्यानंतर बाईंना काही दिसायची गरज पडत नसे. कापडाचा पोत बोटांनी बघायच्या, टाका नखानं तपासायच्या. कुठल्या मुलीनं उसवून परत घातलाय ते बरोबर कळायचं. नवीन कापड आणलेल्या मुलीला पहिल्या दिवशी कात्री लावूच द्यायच्या नाहीत. "जा, भिजवून वाळवून आण. आटायचं ते आधी आटून घेऊ दे. मग मापं काढ." एखाद्या मुलीला घरी बोलणी बसली, ती रडत आली, तरी उपदेश हाच. आटून घे आधी.

पायांत मात्र बारा महिने मोजे. सोलापूरच्या मे महिन्यात रस्त्याच्या डांबराला चप्पल चिकटते, तेव्हाही मोजे. मी एकदा चेष्टेनं विचारलं, "निलव्वाबाई, काश्मीरला जायचंय का?" त्या म्हणाल्या, "पाय लाजाळू हायत माझे." मी विज्ञानाची बाई. कारण शोधायला हवं होतं. मी नुसती हसले.

आपल्या दिसण्याचा त्या मनसोक्त फायदा घ्यायच्या. सिटी बसमध्ये चढल्या की निम्मी बस उठून उभी राही. एकदा आम्ही दोघी नवी पेठेत बटणं घ्यायला गेलो होतो. एका दुकानातून साठीचे एक गृहस्थ घाईनं बाहेर आले आणि भर रस्त्यात त्यांच्या पाया पडले. कुणा मठातल्या मोठ्या बाई वाटल्या असाव्यात. निलव्वाबाईंनी सावकाश हात वर केला. "शंभर वर्षं जगा." गृहस्थ धन्य होऊन गेले. चार पावलं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "आप्पाचा वर्गमित्र. लहानपणी मला खांद्यावर घेऊन गड्ड्याची जत्रा दाखवलीय ह्यानं. वळखलं न्हाय." मग मी काही विचारायच्या आत पुढे चालू लागल्या. बटणांच्या दुकानात मात्र नेहमीसारखी घासाघीस केली.

त्यांचं घर तिथंच नवी पेठेत, घरच्याच कापडाच्या दुकानामागे. मूळचे मैंदर्गीचे. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी. वडिलांना सगळे आप्पा म्हणत. आईला आव्वा. आप्पा हे आव्वाचे सख्खे मामा. त्या घरात हे नवल नव्हतं. मुलीवर पहिला हक्क मामाचा, आणि मामानं नको म्हटलं तर बहिणीचा अपमान. भावंडं चार. सगळ्यांत मोठी गौरव्वा, मैंदर्गीलाच दिलेली. मग लातूरकडे दिलेली एक. तिसऱ्या निलव्वाबाई. धाकटा शिवानंद, तो दुकान बघायचा. गौरव्वाची मुलगी सुनंदा शिकायला आजोळी होती, आमच्याच शाळेत अकरावीला. शांत, सावळी, गणितात पक्की. ती शिवामामाची बायको होणार हे तिच्या पाळण्यातच ठरलेलं होतं. तिला विचारलं तर म्हणायची, "मामा चांगलाय की." यापलीकडे तिला कुणी विचारलंही नव्हतं.

आता वाटाणे.

अकरावीला आनुवंशिकता शिकवताना निलव्वाबाई मागच्या बाकावर येऊन बसू लागल्या. हातात काजं करायला घेतलेली. मला वाटलं, माझं शिकवणं ऐकायला येतात. तेव्हा मला सगळं माझ्यासाठीच चाललंय असं वाटायचं. गुळगुळीत दाण्याच्या पोटात सुरकुतीचं बीज लपून राहू शकतं आणि दोन्हीकडून तसं बीज आलं की दाणा सुरकुतलेला निघतो, हे मी रंगवून सांगितलं. तास संपला, मुली गेल्या. निलव्वाबाई फळ्याजवळ आल्या आणि सुरकुतलेल्या दाण्यावर बोट ठेवलं.

"ही मी."

मी गडबडले.

"आव्वाच्या पोटात हे लपलं होतं आणि आप्पाच्याबी. दोघं एकाच घरचे. बरोबर का?"

"अगदी बरोबर," मी म्हणाले. मला आनंद झाला, हे सांगायला आज लाज वाटते. विद्यार्थी हुशार निघाला की होतो तसा आनंद.

"मग सुनंदा आणि शिवा पण एकाच घरचे. माघात लग्न करायलेत. त्यांच्या पोटात लपलेलं असलं तर?"

इथं थांबून, मला नक्की माहीत नाही, कुणा जाणत्याला विचारून सांगते, एवढंच म्हणायचं होतं. पण पहिला वर्ग खांद्यावर होता ना. मी विचारलं, "तुम्ही भावंडं किती?"

"चार."

"तुमच्यासारखं आणखी कुणाला?"

"कुणालाच न्हाय."

"मग झालं की." आणि मी वर सांगितलेलं ते वाक्य बोलले. चारांत एक, तो निघून गेला. चार माणसांच्या पंगतीत एकच लाडू कडू होता आणि तो निलव्वाबाईंच्या पानात पडला, असा माझा हिशेब. लाडू दर वेळी नव्यानं वळतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सोमवारी त्या डबाभर शेंगापोळ्या घेऊन आल्या. "आप्पानं दिल्यात. बाईंना द्या म्हणले." मग माझ्या शेजारी बसल्या. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. "घरी सांगितलं मी, तुमी म्हणलात ते. आव्वा काय म्हणली म्हाईताय? तू सगळ्यांच्या वाटचं एकटीनं घेतलंस गं निला. माझ्या पाया पडायला लागली. मी पडू दिलं न्हाय."

तोवर पाहुणे आले की आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं जायचं. निलव्वाबाई आत. घरात असं काही आहे हे दिसायला नको, पुढच्या सोयरिकींना अडचण. आता त्या बाहेरच्या खोलीत आप्पांच्या शेजारी बसू लागल्या. सुनंदाचा शालू त्यांनी बोटांनी पारखून घेतला. गौरव्वा मैंदर्गीहून आली की पहिला चहा यांना. मी जे मूर्खासारखं बोलले होते त्यानं त्या बाईला जन्मात पहिल्यांदा तिच्या दुखण्याचा अर्थ मिळाला होता. ती घराची ढाल झाली होती. शाळेतसुद्धा त्यांची चाल बदलली. सुया ओवणाऱ्या मुलींना त्या कानडी गाणी म्हणून दाखवायला लागल्या.

आणि मी? मी शेंगापोळ्या खाल्ल्या.

दिवाळीच्या आधी मी अकरावीला एक प्रात्यक्षिक दिलं. निलव्वाबाईंकडून काळी-पांढरी बटणं मागून घेतली. दोन पिशव्यांत सारखी सारखी घातली. डोळे मिटून दोन्ही पिशव्यांतून एकेक काढायचं, रंग लिहायचा, बटणं परत टाकायची. दोन्ही पांढरी आली की सुरकुतलेला दाणा. सुनंदाची पाळी आली. तिला दोन्ही पांढरी आली. परत दोन्ही पांढरी. मग तिसऱ्यांदाही. मी चिडले. "सुनंदा, डोळे उघडे ठेवून काढतेस. चारांत एकदा यायला पाहिजे. तुझं एकदा येऊन गेलंय."

ती म्हणाली, "बाई, पिशवीला कसं कळणार आधी काय निघालंय ते?"

वर्ग हसला. मी फळ्याकडे तोंड केलं आणि उगाच काहीतरी पुसलं.  पिशवीला कळत नाही. आव्वाच्या पोटाला कळलं नव्हतं, सुनंदाच्या पोटालाही कळणार नव्हतं. शिवा आणि सुनंदा, दोघांच्यातही ते बीज लपलेलं असू शकत होतं, आणि असलं तर त्यांच्या प्रत्येक मुलासाठी पिशवी नव्यानं हलणार होती. मी वळले तेव्हा मागच्या बाकावर निलव्वाबाईंची सुई थांबलेली होती.

त्याच दिवशी बोलायला हवं होतं. मी मध्ये दिवाळीची सुट्टी घातली. मग सर्दी घातली. मग सासूबाई येणार होत्या त्या घातल्या. पत्रिका छापायला गेल्याचं कळलं तेव्हा एका संध्याकाळी उठून त्यांच्या घरी गेले.

आप्पा गादीवर बसलेले. शिवानंद कापडाचे तागे लावत होता. आव्वा उंबऱ्याशी, निलव्वाबाई आप्पांच्या शेजारी. सुनंदाला कुणीतरी शेजारी पाठवलं होतं. मी माझी चूक सांगितली. भीती गेलेली नाही, पहिल्याइतकीच आहे, असं म्हणाले.

आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, सोनारानं एकदा वजन सांगितलं की तो परत तराजू उचलत न्हाय. तुमी उचलायलाय. उद्या परत उचलणार काय?"

 तेवढ्यात आव्वा बोलली. ती कधी परक्यांसमोर बोलत नसे. "म्हणजे माझं आणि ह्यांचं लगीन चुकलं म्हणता तुमी? निला आमच्यामुळं अशी झाली?"

कुणी मला आजही हे विचारलं तर मला सांगता येणार नाही. माझी नात हल्ली बंगळुरात असल्याच गोष्टींवर काम करते. माणूस किती जगणार यात थोडा वाटा बीजाचा, बराचसा खाण्यापिण्याचा, कष्टाचा, नशिबाचा, असं ती मला समजावते. मी मान हलवते. आणि मला आव्वाचा तो प्रश्न ऐकू येतो.

शिवानंदनं हातातला तागा खाली टाकला. "अक्का, तू शिकवलंस ना ह्यांना हे? तुझं झालं न्हाय, म्हणून आमचं होऊ द्यायचं न्हाय."

 मी उठले. निघावं म्हणून दारात आले तर माझी एक चप्पल सापडेना. गिऱ्हाइकांच्या चपलांत कुठेतरी गेली होती. मी वाकून शोधत राहिले म्हणूनच पुढचं पाहिलं.

"शिवा," त्या म्हणाल्या, "माझे मोजे काढ."

"काय?"

"काढ की. रोज माझी मी काढते, आज तू काढ."

तो पुढे येऊन बसला. एक मोजा काढला. आत कापडाची घडी होती, ती सोडवली. घोट्याच्या हाडावर जखम होती, जुनी, खोल, कडा पांढऱ्या पडलेल्या. वास सुटला. सात वर्षं ती भरत नव्हती आणि घरात कुणालाही ठाऊक नव्हतं. रोज पहाटे त्या ती स्वतः धुवायच्या.

"तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी हाय मी," निलव्वाबाई म्हणाल्या. "तिला बायको कर न्हायतर नको कर. बघून घे तेवढं."

शिवानंद उठला, आत जाऊन तांब्यात कोमट पाणी घेऊन आला आणि जखम धुवायला लागला. आप्पा भिंतीकडे बघत होते. मला चप्पल सापडली. मी निघाले.

दुसऱ्या दिवशी शिवानंद पहिल्या एस.टी.नं मैंदर्गीला गेला आणि बहिणीला म्हणाला, "मी सुनंदाचा मामाच बरा. चांगलं स्थळ बघून लगीन लावून देतो." गौरव्वानं त्याला उभ्यानं परत पाठवलं. घरात बोल लागला तो निलव्वाबाईंना. "त्या म्हातारीनं पोरीचं वाटोळं केलं," असं गौरव्वा गावभर म्हणाली. स्वतः त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी. आप्पांनी निलव्वाबाईंशी बोलणं सोडलं. घरातून कुणी जा म्हटलं नाही, फक्त आतल्या खोलीचं दार परत लोटलं जाऊ लागलं. मग त्यांनीच शाळेमागे एक खोली घेतली. शिवानंदनं शिवणाचं मशीन हातगाड्यावर घालून आणून दिलं. तो अधूनमधून त्यांचा पाय धुवायला यायचा.

शाळेत त्यांनी मला एकटीला गाठून सांगितलं, "पिशवीचं मला पण त्याच तासाला कळलं होतं. गप बसले. तुमी आला नसता तर मी बोलले नसते बाई. लग्नात पुढं बसायचं होतं मला."

पुढे सुनंदाला विजापूरला दिली. लग्नात भटजींनी मुलीच्या मामाला बोलावलं तेव्हा शिवानंद तिच्यामागे उभा राहिला. निलव्वाबाईंना पत्रिका नव्हती. सुनंदाची मुलंबाळं सुखात आहेत, शिवानंदचीही. मिरजेच्या एका डॉक्टरांना मी नंतर सगळं सांगून विचारलं. ते म्हणाले, ते लग्न झालं असतं तरी बहुधा काही झालं नसतं; शक्यता होती, पण थोडी. म्हणजे आम्ही मोडलं ते कदाचित उगाचच. कदाचित नाही. पिशवीत हात न घालताच तोंड बांधून ठेवली, आता आत काय होतं ते कुणाला कळणार?

एकोणऐंशी साली माझ्या यजमानांची बदली नाशिकला झाली. निरोप घ्यायला मी त्यांच्या खोलीवर गेले. सदतिसाव्या वर्षी त्या ऐंशीच्या दिसत होत्या. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, हृदयही थकलेलं. खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मशीनवर कापड झाकलेलं. खिडकीतून शाळेतल्या मुलींचा पाढ्यांचा आवाज येत होता. मी कितीतरी वर्षं मनात घोळवलेलं बोलून टाकलं. माझ्यामुळे तुमचं घर गेलं. त्या दिवशी फळ्यासमोर मी अक्कल पाजळली नसती, तर तुम्हाला एवढं सोसावं लागलं नसतं.

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सवयीनं माझ्या पदराचा काठ बोटांनी चाचपला. मग म्हणाल्या,

"तुमी चुकलात म्हणून चार महिने त्या घरात मला कुणी आत जा म्हणलं न्हाय बाई. खरं सांगितलंत ते बरोबरच केलंत, सांगायलाच पायजे होतं. पण आणखी थोडे दिवस चुकून ऱ्हायला असता, तर काय बिघडलं असतं?"